शहाण्णव न मोजलेल्या सकाळी

मुलीने वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो काढला आणि पाठ ताठ केली. "झालं! आईच्या मधुमेहाची अकरा वर्षं एकदाची एका जागी आली."

टेबलावर रक्ताचे पिवळे पडलेले रिपोर्ट होते, डोळ्यांच्या तपासण्या होत्या आणि ज्याच्या त्यालाच वाचता येतील अशा तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. हे सगळं तिने एका ऑनलाइन सेवेवर चढवलं होतं. ते पाठवलं की उद्या दहा वाजता हृदयाचे डॉक्टर आपल्या खोलीत बसून ते पाहणार होते. गेले दोन महिने आईला पहाटे दरदरून घाम सुटून भोवळ येत होती. दोनदा ती न्हाणीघराच्या दारात कोसळली होती.

वडील समोर बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. पारड्याखाली चिकटवलेला वाटाण्याएवढा शिशाचा तुकडाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बायकोची सकाळची साखर मोजून वहीत लिहायचं काम आपसूकच त्यांच्याकडे आलं होतं.

"बघा, साखर कशी वळणावर आणलीत तुम्ही!" मुलीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. निळी रेघ कित्येक वर्षं वेड्यावाकड्या उड्या मारत आली होती आणि शेवटी एकाएकी शहाणी झाली होती. ११८, १२२, ११६, १२०.

वडिलांनी चष्मा काढला. अशा शहाण्या आकड्यांवरून त्यांनी किती दुकानदार पकडले होते!

"आता डॉक्टरांचा एकच प्रश्न भरायचा राहिलाय. भोवळ येते तेव्हा साखर उतरलेली असते का? मी 'नाही' लिहिते. मग दोष हृदयाचाच, म्हणजे पेसमेकर. परवाच बसवू म्हणालेत."

खिडकीपाशी बायको शर्टाला काजं करत होती. तीन महिन्यांपूर्वी तिथेच, तिच्या टोचून टोचून चाळणी झालेल्या बोटातून एक थेंब गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कॉलरवर पडला होता. डाग काही पुरता निघाला नाही. "उद्यापासून माझ्या बोटांना हात लावायचा नाही," ती म्हणाली होती. "सगळ्या बाजाराचे काटे तपासून झाले, आता माझ्यामागे लागलात होय?" दोन दिवसांत समजूत काढू, असं त्यांनी ठरवलं. पण वहीतला रिकामा रकाना त्यांना बघवेना. पहिल्या दिवशी त्यांनी अंदाजाने आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी अंदाजही करावा लागला नाही.

"'नाही' लिहू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"ते मोजलेले नाहीत. तीन महिन्यांपूर्वीच्या तेवीस तारखेपासूनचे. मी मनाने लिहिलेत."

मुलीचा हात हवेतच राहिला. "बाबा, एखाद्या दुकानदाराने हे केलं असतं तर?"

"काटा जप्त केला असता."

काजाची सुई थांबली. "अहो, तुम्ही रोज लिहीत होतात? मला वाटलं, कोरं सोडताय."

"आणि रात्रीचं इन्सुलिन?" मुलीने विचारलं.

"तेवढंच देत होतो. वहीत सगळं ठीक होतं ना."

हे बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. मुलीने नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. आजचा डोस कमी करा, पहाटे मोजा, आणि साखर उतरली असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या, असं त्यांनी सांगितलं.

"हे आकडे पुसून टाक," वडील म्हणाले.

"पुसता येत नाहीत. 'मोजलेलं नाही' अशी खूण करता येते. पण प्रत्येकावर वेगळी."

"दे इकडे. मी करतो."

एका बोटाने, तारीख वाचून, त्यांनी शहाण्णव वेळा खूण केली. प्रत्येक वेळी निळी रेघ एकेका दिवसाने आखूड होत गेली.

पहाटे साडेपाचला बायको उठून बसली तेव्हा तिची मान घामाने भिजली होती. वडील यंत्र घेऊन शेजारी बसले, पण त्यांना तिच्या बोटाला सुई लावण्याचा धीर होईना.

"करंगळी घ्या," ती पुटपुटली. "काजाला ती लागत नाही."

अकरा वर्षांत हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं.

अठ्ठावन्न. डोस कमी करूनही अठ्ठावन्न.

मुलगी साखरेचं पाणी घेऊन धावली. बायको घोट घोट पीत होती आणि वडील तिच्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास मोजत होते. आदल्या पहाटे किती असेल, त्याच्या आदल्या पहाटे किती, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

मुलीने आकडा भरला, प्रश्नापुढे 'हो' लिहिलं आणि खाली शहाण्णव दिवसांचं खरं कारणही लिहिलं. "पाठवू?"

"माझं नाव घातलंस त्यात?"

"घातलं."

"मग पाठव."

त्यांनी वही उघडून आकडा लिहिला, समोर वेळ टाकली. बायकोच्या ओठांना हळूहळू रंग येत होता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं असतं ना?" तिने दुसऱ्या हाताची करंगळी पुढे केली. "घ्या. आणि येईल तेच लिहा."