हिरवी खुंटी

समुद्र चढू लागला की पाणथळ मागे सरकते, आणि सरकायला तिला मोकळी जमीन लागते, हे लोकांना समजावून सांगायचा साहेबांना पगार मिळत असे. 'साहेब' हे नाव वडिलांनी ठेवलेलं. कचेरीत त्यांची खुर्चीसुद्धा तीन पायांची होती. वाटेत भिंत आली, तर गवत, बगळे, खेकडे सगळे तिथेच संपणार, असं ते सांगत.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी खुंट्या ठोकल्या. लाल, म्हणजे पाणी दहा वर्षांनी इथे. पिवळी, वीस वर्षांनी. हिरवी, चाळीस वर्षांनी, नेमकी वडिलांच्या परसातल्या भिंतीला लागून.

"बाबा, भिंत पाडावी लागेल. पण घाई नाही. तोवर तुम्ही..."

"तोवर मी काय?"

"तोवर बघू."

"मी मेल्यावर पाडा," म्हणाले एकाहत्तर वर्षांचे वडील, आणि दुसऱ्या दिवसापासून निव्वळ रागापोटी व्यायामाला लागले.

आज सकाळी त्यांचा फोन आला. "साहेब, चाळीस वर्षं झाली. या."

साहेब गेले. लाल खुंटी दिसलीच नाही. पिवळीचं टोक तेवढं वर होतं, त्यावर बगळा बसला होता. हिरवीच्या बुडाशी पाणी चुळुकचुळुक करत होतं, आणि वेळ ओहोटीची होती. साहेबांनी भरतीचं वेळापत्रक तीनदा पाहिलं. मग भिंतीला टेकायला गेले, तर भिंत नव्हती.

"भिंत कुठाय?"

"पाडली. सकाळी एक खेकडा आला. भिंतीला धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. अर्धा तास बघितलं, मग मलाच कसंतरी झालं." वडिलांनी हातातली पहार खाली ठेवली. "व्यायाम कामी आला."

दोन वर्षं साहेबांनी या माणसाला तक्ते दाखवले होते, आलेख दाखवले होते.

"चहा करू म्हटलं," वडील म्हणाले, "पण ओट्याखाली तो बसलाय."

मग त्यांनी हिरवी खुंटी उपटून साहेबांच्या हातात दिली. "आता कुठे ठोकायची ते बघा. आणि या वेळी मी जिवंत आहे असं धरून बघा."

घरापुढे रस्ता, रस्त्यापलीकडे टेकडी. साहेब खुंटी घेऊन चढू लागले. अर्ध्यावर वळून पाहिलं. वडील कपड्यांची पिशवी घेऊन येत होते. त्यांच्या मागे, थोडं अंतर राखून, तिरका तिरका, खेकडा.