आखूड फळी

ऑफिसात तिला सगळे बारकी म्हणायचे. अंगाने काडी होती म्हणून. कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका मोठ्या ऑनलाइन खेळाच्या जगातल्या वस्तूंची डागडुजी तिच्याकडे होती. कुठे दार उघडायचं नाही, कुठे एखादा घोडा भिंतीत शिरून बसायचा आणि नुसती शेपटी हलवायचा. चार महिन्यांपूर्वीपर्यंत ती हे सगळं स्वतःच्या हाताने निस्तरायची. मग कंपनीने एक एआय एजंट आणला. साध्या भाषेत काम सांगायचं. तो वस्तू शोधायचा, अडलं तर विचारायचा आणि बदल करून मोकळा व्हायचा. ऑफिसात त्याचं नाव पडलं गडी.

त्या सकाळी दहा वाजता तक्रार आली, की तळ्याच्या धक्क्यावर एका फळीचं टोक पुढे आलंय आणि त्यात पाय अडकतो. बारकीने गड्याला सांगितलं, "ही फळी नीट कर." तेवढ्यात ताईचा फोन आला. आईचा गुडघा सुजला होता आणि ती डॉक्टरकडे जायला तयार नव्हती.

"तूच सांग तिला," ताई म्हणाली. "माझं ऐकते का ती कधी? मी म्हणजे घरची मोलकरीण!"

"ताई, अगं, असं काय बोलतेस..."

पडद्यावर गड्याचा प्रश्न उमटला होता. खाली दोन बटणं होती. बारकीने फोन खांद्यात धरून पहिलं बटण दाबलं आणि आईला फोन द्यायला सांगितलं. तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या तळ्याकाठी लाकडी खांबांवर घरं उभी होती. खेळाडूंनी वर्षानुवर्षं खपून ती सजवलेली. दोनच मिनिटांत उत्तरेच्या टोकापासून त्या घरांच्या जमिनी एकामागून एक ढासळू लागल्या. पेटारे, दिवे, जिंकलेल्या ढाली, सगळं पाण्यात गेलं. सकाळी तिकडे वर्दळ नसते, त्यामुळे पहिली तक्रार यायला पाऊण तास गेला. नंतर मात्र तक्रारींची रीघ लागली.

अकरा वाजता मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. हे सगळं जग त्यांच्या हाताखाली चालायचं. त्या सरळ मिस्त्रींच्या टेबलापाशी गेल्या. मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले. पूर्वी खरंखुरं सुतारकाम करायचे, आता गेली नऊ वर्षं या जगातल्या लाकडी वस्तू घडवत होते. तळ्याकाठची प्रत्येक फळी त्यांच्या हातची.

"मिस्त्री, आज सकाळी तुम्ही फळ्यांना हात लावला होता ना?"

"रंग बदलला फक्त. माप नाही बदललं."

"मग घरं कशी पडली? फळ्या तुळईवर टेकतच नाहीयेत. आणि पाण्यात पडलेली वस्तू तासाभराने कायमची पुसली जाते, माहितीय ना? उत्तरेकडची घरं किती वाजता पडली, बघा."

कुणीतरी म्हणालं, "दहा वाजून बारा मिनिटांनी."

म्हणजे अकरा वाजून बारा मिनिटांनी पुसायला सुरुवात. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"जग बंद करा ना तोवर," मिस्त्री म्हणाले.

"कारण कळल्याशिवाय कसं करू? दोन हजार माणसं आत आहेत. त्यांना बाहेर काढून परत आत घेतलं आणि आणखी काही कोसळलं तर? आधी कारण शोधा."

बारकीने गड्याची नोंद उघडली. त्याचा प्रश्न तिथेच होता: "ही फळी एकाच मूळ नमुन्यावरून दोनशे चौदा ठिकाणी वापरली आहे. टोक दोन बोटं कापतो. मूळ नमुना बदलू, की फक्त धक्क्यासाठी वेगळी प्रत करू?" आणि खाली तिचं उत्तर होतं. मूळ नमुना.

तिने ती खिडकी लहान केली. का केली, ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या कुणाला अजून ही नोंद बघायचं सुचलं नव्हतं. आत्ता कुणीतरी बघेल, असं वाटत ती घड्याळाकडे बघत बसून राहिली. मग वाटलं, कुणी बघणार नाही.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, फळीचं माप काढलं, परत काढलं.

"दोन बोटं आखूड आहे," ते म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता. "सकाळी रंग देताना... डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून जरा... माझंच चुकलं असेल मॅडम."

"असेल म्हणजे?"

"चुकलं."

बारकी उठली. खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आदळली.

"त्यांनी काही नाही केलं. मी केलंय. गड्याने विचारलं होतं. मी फोनवर होते, न वाचता बटण दाबलं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मॅडमनी नोंद वाचली. त्या वळल्या आणि ओरडल्या, "जग बंद करा!"

अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. बंद व्हायला पाच मिनिटं लागायची. ती पाच मिनिटं कुणी खुर्चीत टेकलं नाही. पडद्यावर एकेक पेटारा पाण्यातून नाहीसा होत होता.

जग थांबल्यावर बारकी कामाला बसली. गड्याने मूळ फळी परत पहिल्या मापाची केली आणि धक्क्यासाठी वेगळी प्रत बनवली. मग त्याने पाण्यातल्या वस्तूंची यादी काढून विचारलं, "अकराशे वस्तू शेवटच्या जागी परत ठेवू? यांतल्या एक्केचाळीस इतर खेळाडूंनी बुडी मारून उचलल्या आहेत." या वेळी तिने ओळ न् ओळ वाचली, मॅडमना विचारलं, मगच हो म्हटलं. दोन वाजता जग पुन्हा उघडलं. दोनशे सात घरं जशीच्या तशी उभी राहिली. उत्तरेच्या टोकाची सहा घरं रिकामी होती.

"त्या सहा जणांना पत्रं तू लिहायचीस," मॅडम म्हणाल्या. "कंपनीच्या नावाने नाही, स्वतःच्या. आणि महिनाभर गड्याला तू एकटीने काम सांगायचं नाही."

"हो मॅडम."

मिस्त्री खिडकीपाशी चहा घेत उभे होते. ती जवळ गेली.

"मिस्त्री, माफ करा. खरंच."

"बटण दाबलंस त्याचं काही नाही गं. माणूस आहे, चुकतं," ते म्हणाले. "मी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होतो, तेव्हा तू घड्याळ बघत होतीस. अकरा पाचपासून. मी पाहिलं तुला."

"तेव्हाच बोलली असतीस, तर ती सहा घरंही वाचली असती." त्यांनी कप विसळला, पालथा ठेवला. "जा, पत्रं लिही. आणि कारणं देत बसू नकोस. काय झालं, तेवढंच लिही."

ती जागेवर येऊन बसली. पहिलं घर एका आजोबांचं होतं, सात वर्षं खेळणाऱ्या. तिने लिहिलं, "तुमच्या घराची जमीन माझ्यामुळे पडली." मग थोडं थांबून पुढचं वाक्य लिहिलं: "आणि ते कळल्यावरही मी सात मिनिटं गप्प बसले."