बोरीपाड्यात कोणी खोकत नव्हतं

फेब्रुवारीतल्या त्या आठवड्यात कोमल बोरीपाड्यातल्या बासष्ट घरांत फिरली आणि तिला एकही माणूस खोकताना आढळला नाही.

बोरीपाडा पनवेलजवळ, खाडीला लागून. कोमल तिथलीच सून आणि नऊ वर्षं गावची आशा सेविका. नव्या तापाची साथ सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. ताप, कोरडा खोकला, पाचव्या दिवसापासून धाप. शेजारच्या कामोठ्यात एकेका बिल्डिंगमध्ये दहा-दहा पेशंट होते आणि त्याच बिल्डिंगांखाली बोरीपाड्याच्या बायका रोज मासळी विकत होत्या. तरी गाव ठणठणीत.

"आमच्या घरान कोन आजारी नाय," सगळीकडे हेच उत्तर. दार अर्धंच उघडायचं. समोरचा माणूस दोन वाक्यं बोलून ओठ घट्ट मिटायचा, चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं. दार लागल्यावर आतून उशीत तोंड खुपसल्यासारखा काहीतरी आवाज यायचा. कोमल थांबून कान द्यायची, तर काहीच नाही. जिच्या बाळंतपणाला ती रात्रभर बसली होती, ती बाईसुद्धा तिला उंबऱ्याच्या आत घेईना.

शुक्रवारी दुपारी रोजच्यासारखी गणूची रिक्षा आली, आरोग्य कार्यालयाच्या सूचना ऐकवत फिरणारी. टपावर भोंगा आणि रेकॉर्ड केलेला बाईचा गोड आवाज : "परिस्थिती नियंत्रणात आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. घाबरण्याचे कारण नाही." कोमल देवळाजवळच्या बोळात उभी होती. रिक्षा तिच्यासमोर आली आणि भोंगा खरखरून मध्येच बंद पडला.

तेव्हा तिला ऐकू आलं. सगळ्या घरांतून एकाच वेळी खोकला येत होता. पत्र्यांआडून, पडद्यांआडून, माड्यांवरून. म्हाताऱ्यांचा घरघरता, पोरांचा बारीक. दोन-तीन सेकंद गेले असतील. भोंगा थांबल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि खोकला जागच्या जागी गप्प झाला. बोळात कोंबड्या माती उकरत होत्या, तेवढाच आवाज राहिला.

गणू खाली उतरला. "मला वाटायचं स्पीकर फाटलाय," तो हळूच म्हणाला. "रोज ऐकतो मी हे."

दिवसभर दाबून ठेवलेला खोकला गाव भोंग्याच्या आवाजात मोकळा करून घेत होतं.

समोरच भीमाबाईचं घर होतं. कोमलने दार ढकललं.

"भीमाबाय, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मला ऐकू आलं."

भीमाबाईने पत्र्याच्या डब्यातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून तिच्या हातात दिलं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका तापात गावातली अकरा माणसं गाडीने इस्पितळात नेली होती. भीमाबाईचा नवरा विठू त्यांतला एक. कात्रणात लिहिलं होतं, बोरीपाड्यातील सर्व रुग्ण बरे होऊन घरी परतले. तारीख विठूच्या मरणाच्या दुसऱ्या दिवसाची होती. चौघं परतली नव्हती.

"ह्योच कागद आमच्या दारान कोनी वाचला?" भीमाबाईने विचारलं.

कोमलने वाचला होता. हाच मजकूर आरोग्य कार्यालयाच्या पत्रकात वरून आला म्हणून तिने घरोघर वाचला होता. विठूच्या फोटोला घातलेला हार समोर दिसत असताना तिने 'सर्व' हा शब्द वाचला होता आणि पुढच्या घरी गेली होती.

"तवापासून गावानी ठरवलाय, खोकायचा नाय. खोकला आयकला का गाडी येते. गाडीन गेला तो कागदावर बरा होतो." एवढं बोलून भीमाबाईने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे बराच वेळ हलत राहिले. आवाज आला नाही.

कोमल तशीच घरी गेली. तिची सात वर्षांची मनस्वी आणि शेजारची प्रांजल खाटेवर समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचे ओठ मिटलेले, दोघी बोटांवर आकडे मोजत होत्या.

"काय चाललंय?"

"खेळ," प्रांजल म्हणाली. "जी आधी खोकेल ती गाडीत."

"आई, आज मी दोनशेपर्यंत गेले," मनस्वी कुजबुजली.

तिची नखं निळसर दिसत होती. कोमलने पिशवीतलं ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याऐंशी.

दारात तिचा नवरा कल्पेश येऊन उभा राहिला होता. "तुला सांगितलं असतं तर तू गाडी बोलावली असतीस," तो खाली बघत म्हणाला.

"हो," कोमल म्हणाली आणि तिने फोन लावला. गाडीला चाळीस मिनिटं लागणार होती. मनस्वीला बसतं ठेवायला कल्पेशला सांगून ती देवळाकडे पळाली. गणूने वायर जोडली होती.

"माइक आहे?"

"आहे. पण मला रेकॉर्डिंगच लावायला सांगितलंय."

"ते बंदच राहू दे."

तिने माइक तोंडाशी धरला. मग ती म्हणाली, "मी कोमल बोलते. तीन वर्षांमागे मी तुमच्या दारात खोटा कागद वाचला. अकरा जण गेले आणि सातच आले. विठूकाका गेले. कृष्णाबाई गेल्या. रामूदादा गेले. हरेश गेला, चोवीस वर्षांचा होता. मला तेव्हाही माहीत होतं. आता माझी मनस्वी आजारी आहे. तिच्यासाठी मी गाडी बोलावलीय आणि मी तिच्यासोबत जाणार आहे. तिथे कोण बरं झालं, कोण गेलं, ते रोज नाव घेऊन सांगेन. कोणाचं नाव लपवणार नाही."

कोणी बाहेर आलं नाही. खिडक्यांच्या फटींतून डोळे दिसत होते, ते तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, उशीर झाला.

मग भीमाबाईचं दार सताड उघडलं. ती ओट्यावर आली, खांबाला धरून वाकली आणि खोकली. मोठ्याने, श्वास संपेपर्यंत. पलीकडच्या घरातून कोणीतरी खोकलं. मग तिसरं घर, मग खाडीकडची ओळ. भर उन्हात सगळं गाव खोकत होतं, आणि या खेपेला ते थांबत नव्हतं. कोमलने वही काढली आणि ती पहिल्या ओट्याकडे निघाली.

सदतीस माणसं आजारी निघाली, चौदा जणांना दाखल करावं लागलं. रोज दुपारी कोमल इस्पितळातून गणूला फोन करायची आणि तो फोन माइकला लावायचा. तिसऱ्या दिवशी आरोग्य कार्यालयातून खुलासा मागणारं पत्र आलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर पद्मजांनी ते तिला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "याचं उत्तर मी देते. तू आजची नावं सांग."

मनस्वीचा ऑक्सिजन पाचव्या दिवशी काढला. सहाव्या दिवशी भीमाबाई गेली. त्या दुपारी कोमलने फोन दोनदा लावून दोनदा कट केला. तिसऱ्यांदा तिने सांगितलं, "आज सकाळी सहाला भीमाबाई गेल्या. मी जवळ होते."

पलीकडून नुसती भोंग्याची खरखर येत होती.

"गणू, ऐकू गेलं का?"

"गेलं ताई. सगळे बाहेर येऊन उभे आहेत."

त्या संध्याकाळी गावातून अजून पाच जण इस्पितळात तपासून घ्यायला आले. ते आधीच्या यादीत नव्हते. कोणी बोलावलं नव्हतं.