मावशींच्या कानांची खोटी साक्ष

मित्रांनो, मी कपबशांच्या कारखान्यातले कान तपासायचे एक जुने यंत्र आहे. माझ्या रंगाचे पोपडे उडाले आहेत, पण मनात धरलेला डूख अजून ताजा आहे.

नवा होतो तेव्हा माझी केवढी मिजास! हेडफोनमधून मी बारीक सूर सोडायचो. ऐकू आला की समोरच्याने बटण दाबायचे. या कारखान्यात कानांना मोठे मोल. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक कपाला टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पेटीत, बद्द वाजला तर आत तडा. हे काम करणाऱ्या जुन्या कामगार मावशींचा यात हात धरणारे कोणी नव्हते.

मालकाची रीत मात्र उफराटी. ज्याच्यावर संशय, त्याला आधी चारचौघांत फाडून खायचे आणि तसेच माझ्यापुढे आणून बसवायचे. एकदा पेटीत तडकलेला कप निघाला.

"बहिरी झालीस का गं? घरी बसवीन!" तो मावशींवर ओरडला.

मावशी घाबरतच माझ्यापुढे बसल्या. मी सूर सोडत होतो, पण बटण काही दाबले जाईना.

तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, माणूस घाबरला की अंगात ताणाची संप्रेरकं वाढतात. त्यांचा मेंदूवर परिणाम होतो. कान धड असला तरी मेंदू बारीक आवाजाला दाद देत नाही. जरा वेळाने पुन्हा घेऊ या."

"लाड पुरे!" मालक म्हणाला.

मावशींचे काम गेले. मालकाने माझ्याकडून खोटी साक्ष वदवून घेतली होती. याला सोडायचे नाही, हे मी तेव्हाच ठरवले.

टिचक्या मारायला मालक स्वतःच बसू लागला. थोड्याच दिवसांत तडकलेल्या कपांच्या पेट्या परत आल्या. त्याची थोरली बहीण कारखान्यात भागीदार होती. तिने सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने हजामत केली आणि म्हणाली, "बस आता मशीनपुढे."

तो घामाघूम होऊन बसला. मी एकही सूर कमी सोडला नाही. बटण गप्प! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"ताई, मी घाबरलोय गं. थोड्या वेळाने घे ना," तो काकुळतीला आला.

"मावशींना दिला होतास थोडा वेळ?"

ताईंनी त्याला त्या कामावरून उठवले आणि मावशींना बोलावून घेतले. त्यांना आधी निवांत बसवले, मग चाचणी घेतली. त्यांनी एकही सूर चुकवला नाही.

मित्रांनो, कोणाचेही कान तपासण्याआधी त्याला घोटभर पाणी द्या, धीर द्या, एवढेच माझे मागणे आहे. मालकालाही त्या दिवशी कोणीतरी पाणी द्यायला हवे होते, हे मला कळते. पण कोणी दिले नाही, याचा मला आजही आनंदच होतो.