नसराला दिलेलं उत्तर

एमना ट्युनिसियाहून आमच्या शाळेत गणित शिकवायला आली, तेव्हा सुरुवातीला मुलींना तिचं अरबी कळेना आणि तिला मुलींचं. 'पुष्कळ' म्हणायचं असलं की ती 'बरशा' म्हणे, म्हणून मुलींनी तिचं नाव बरशाबाई पाडलं. माझी आई म्हणायची, "तुझी मैत्रीण बोलते की गरम खजूर तोंडात घोळवते?" एमना यावर सगळ्यात मोठ्यानं हसायची. मी त्याच शाळेत भूगोल शिकवते. आम्हा दोघींची गट्टी जमायला फार वेळ लागला नाही.

आमचं गाव ओमानच्या जालान भागात, वाळूच्या काठावर. इथे शिकवायला येणाऱ्या परक्या बायका मस्कत मिळावं म्हणून खटपट करतात, आमच्याकडे जी येते ती नाइलाजानं. येते आणि सुट्टीची वाट बघत खोलीत बसते. एमना तशी नव्हती. शिंप्याच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा तिनं घेतली, एक जुनी गाडी घेतली, आणि प्रत्येक शुक्रवारी ती काहीतरी बघायला निघे. किल्ले बघून झाले, वादीतले, डोंगरातल्या ओढ्यांतले, हिरवे डोह झाले, अंडी घालायला किनाऱ्यावर येणारी कासवं झाली, वाळूच्या टेकड्या तर किती वेळा झाल्या. मी बहुतेक वेळा बरोबर असे. एकदा मी विचारलं, इतकं काय बघायचं असतं तुला? ती म्हणाली, शुक्रवारी घरात थांबलं की फोन येतो.

फोन तिच्या आईचा. एमनाचा धाकटा भाऊ वलीद काही वर्षांपूर्वी दहा-बारा पोरांबरोबर होडीतून इटलीला निघाला होता, चोरून. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. आई दर शुक्रवारी एमनाला विचारायची, परदेशात राहतेस, तुझ्या कानावर काही आलं का? एमना सांगायची, अजून नाही, आई. खरं तर तिच्या कानावर केव्हाच आलं होतं. त्या होडीतला वाचलेला एकजण तिला शोधत आला होता आणि समोर बसून त्यानं सगळं सांगितलं होतं. होडी उलटली, रात्रभर ते दोघं एका फळीला धरून होते, आणि पहाटे वलीदचा हात सुटला. हे तिनं मला वादीतल्या खडकावर बसून सांगितलं, पाण्यात पाय सोडून, माझ्याकडे न बघता. आईला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर मोठा वारा झाला आणि सिदैराची काही घरं पुन्हा उघडी पडली. सिदैरा म्हणजे माझ्या आईचं माहेर. वाळूनं ते गाव गिळलं त्याला आता दोन पिढ्या झाल्या. वाऱ्याच्या मर्जीनं कधी इकडची भिंत वर येते, कधी तिकडची. एमनाला ते बघायचं होतं. आईनं ऐकलं, तर कॉफीचा थर्मास आणि खजुरांचा डबा घेऊन तीही गाडीत येऊन बसली.

वाटेत आईनं तिला नसराची गोष्ट सांगितली. परक्या माणसाला ही गोष्ट आमच्यात कुणी सांगत नाही, पण गावात पाय टाकणाऱ्याला ती ठाऊक असावी लागते. नसराचा एकुलता मुलगा खमीस सूर बंदरातल्या गलबतावर चढून झांझिबारला गेला. बाकीची गलबतं उन्हाळ्यातल्या वाऱ्याबरोबर परतली, ते परतलं नाही. वाळू चढत गेली तसं एकेक घर उठलं, पण नसरा हलेना. म्हणे, खमीस आला तर घर कुठे शोधेल? शेवटी तिचे भाऊ उंट घेऊन तिला न्यायला गेले, तेव्हा वाळू छपराच्या तुळईपर्यंत आली होती आणि दार कुठे आहे हेच कळत नव्हतं.

"ती अजून विचारते," आई म्हणाली. "दुपारी. बाईमाणूस जवळून गेलं की विचारते, जहाज आलं का? घाबरायचं नाही. मागे वळायचं नाही. म्हणायचं, अजून नाही, नसरा, वारा फिरू दे. की ती गप्प होते."

"आणि तुम्ही सगळ्याजणी असंच म्हणत आलात?"

"माझी आई म्हणायची, मी म्हणते. झुवैनानंही म्हटलंय." झुवैना म्हणजे मी. लहानपणी दोनदा मी ते उत्तर दिलेलं आहे. त्यात मला कधी विशेष काही वाटलं नाही. दारातून कुणी शेजारीण हाक मारते, तसंच ते होतं.

एमना गाडी चालवत राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाळूतून तीन छपरं आणि एक अर्धी भिंत वर आली होती. आई सावलीला टेकली. मी फोटो काढत होते. एमना त्या भिंतीच्या कडेनं पलीकडे गेली. वारा नव्हता. मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, म्हातारा, दमलेला, अगदी साधा.

"जहाज आलं का, गं?"

एमना उभी राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती. तिला उत्तर आठवत नसेल असं वाटून मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आलं."

भिंतीमागे वाळू सरकल्याचा आवाज झाला, पोतं ओढल्यासारखा. मग काही नाही. आई थर्मास तिथंच टाकून उठली होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"काय म्हणालीस तिला?"

"मला नाही म्हणता आलं, खाला," एमना म्हणाली. "दर शुक्रवारी तेच म्हणते मी. तोंडातून येईचना."

घरी उतरताना आई फक्त एवढं म्हणाली की आता नसरा निघेल.

आणि ती निघाली. आधी माझ्या चुलतभावानं पाहिलं. हमदान टॅक्सी चालवतो. भर दुपारी सूरच्या रस्त्यावर एक बाई चालत होती, चेहऱ्यावर आमच्याकडच्या जुन्या बायका लावत तसला कापडी मुखवटा, डोक्यावर गाठोडं. त्यानं गाडी थांबवली तर तिनं विचारलं, बंदराचा धक्का किती लांब? तो उतरून दार उघडेपर्यंत रस्ता रिकामा होता. मग एका पाकिस्तानी ट्रकवाल्यानं पाहिलं, थोडी पुढे. मग पेट्रोलपंपावरच्या पोरांनी. गावात सगळ्यांना कळलं की नसरा वाळूतून बाहेर पडली आहे, आणि कुणामुळे तेही कळलं. दुकानदार एमनाला सामान देत, पण सलामाला उत्तर देताना तिच्या मागे बघत.

एमनाच्या जिन्यावर रोज वाळू साचायला लागली. ती झाडायची, दुपारी पुन्हा असायची. एकदा ती फळ्यावर समीकरण लिहीत होती आणि मधेच थांबली. मुलींनी नंतर मला सांगितलं की बाई दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, मला माहीत नाही. मी तिला गाठून विचारलं. ती म्हणाली, "ती मला विचारते, कुठल्या धक्क्याला लागलंय? रोज विचारते. रागावत नाही गं ती. खुशीत असते. खमीससाठी गाठोड्यात कपडे घेतलेत म्हणते, नवे."

तिचे डोळे खोल गेले होते. मी म्हटलं, काही दिवस मस्कतला जा, माझी बहीण आहे तिथे. ती म्हणाली, मी कुठेही गेले तरी ती सूरच्या धक्क्यावर जाऊन बसणार आहे, आणि तिथं तिला पुन्हा कुणी तरी 'अजून नाही' म्हणणार आहे. त्यापेक्षा मी जाते.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी सूरला गेलो. आई आली नाही. जुन्या गलबतांच्या कारखान्याच्या पलीकडे, खाडीच्या काठाला, दगडी पायऱ्या आहेत. ओहोटी होती. दोन गलबतं चिखलात कलंडून पडली होती आणि कामगार कुठेतरी हातोडा मारत होते. सगळ्यात खालच्या पायरीवर एक बाई बसलेली होती, आमच्याकडे पाठ, शेजारी गाठोडं. मी वरच थांबले. एमना खाली गेली आणि तिच्याशेजारी बसली.

हातोडा थांबला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"खाला, मी तुमच्याशी खोटं बोलले. जहाज आलेलं नाही. ते बुडालं. पुष्कळ वर्षं झाली. खमीस येणार नाही."

बाई हलली नाही. पाण्यावर एक बगळा उतरला, उडाला. मग तिनं विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"जो वाचला त्यानं."

"हाक मारली होती का त्यानं? शेवटी?"

एमना म्हणाली, "मारली होती. आईला मारली होती." ती कुणाबद्दल बोलत होती ते मला माहीत होतं. ऐकणारीला माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

त्यानंतर जो आवाज उठला तो मी विसरलेले नाही. बाई रडते तसा तो सुरू झाला आणि वाढत गेला, खाडीभर झाला. पलीकडचे कामगार गलबतामागून बाहेर येऊन आभाळाकडे बघायला लागले, त्यांना वारा सुटला असं वाटलं असणार. एमना दोन्ही हातांनी पायरी धरून बसून राहिली. आवाज सरला तेव्हा तिच्याशेजारी वाळूचा लहानसा ढीग होता, आणि खाडीचा वारा त्यातली वाळू एकेक पदर करून पाण्यात नेत होता.

एमनानं त्याच पायरीवरून आईला फोन लावला. मी वर निघून गेले.

पुढच्या आठवड्यात रजा घेऊन ती ट्युनिसियाला गेली. वलीदचं सुतक पाळलं गेलं, चाळिसावा दिवस झाला, तोवर ती तिथंच होती. परत आली तेव्हा वजन उतरलं होतं. म्हणाली, आई आधी माझ्याशी बोललीच नाही. सगळ्यांशी बोलायची, मला वाढायचीही, पण बोलायची नाही. निघायच्या दिवशी मात्र विमानतळावर आली आणि एकच म्हणाली, इतकी वर्षं एकटीनं का वाहिलंस?

माझ्या आईनं एमनाला माफ केलं नाही. आमच्या बायकांनी नसराला इतक्या वर्षांत एकदाही मरू दिलं नव्हतं, असं ती म्हणायची, ही पोर आली आणि एका दुपारीत संपवून गेली. मी म्हटलं, आई, ती दमली होती. आई म्हणाली, "दमलेल्या आम्हीही होतो." सिदैरावर पुन्हा वाळू चढली. आता तिथून बायका मुकाट्यानं जातात. त्यांना कुणी काही विचारत नाही, आणि ती शांतता आईला सहन होत नाही. ती तिकडे जायचीच थांबली आहे.

गेल्या हिवाळ्यात एमनाची आई मुलीकडे राहायला आली. ठेंगणी, पांढरी शाल घेतलेली बाई, गुडघे दुखणारी. मी एमनाबरोबर बसून बेत आखला होता, किल्ला, डोह, वाळू, कासवं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला ती पायरी दाखवा.

हे मी घरी सांगितलं. आई उठली, अंगावर काळी चादर घेतली आणि गाडीत जाऊन बसली. सूरला पोचेपर्यंत दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींचं अरबी धड समजत नव्हतं, तरी बोलत होत्या. भरती होती, खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. आईनं एमनाच्या आईला दंडाला धरून उतरवलं आणि दोघी पाण्याच्या जरा वर बसल्या. एमना खाली निघाली, तर आईनं न वळता हात वर करून तिला थांबवलं.

आम्ही दोघी गाडीला टेकून उभ्या राहिलो. खाली त्या हळू आवाजात बोलत होत्या, आळीपाळीनं. मधेच एमनानं माझं मनगट धरलं. मीही तेच मोजत होते. बोलण्याचे आवाज दोन नव्हते, तीन होते.