शोकेसमधला सेट

इंग्रजीच्या जाडजूड डिक्शनरीत 'सेट' या एवढ्याशा शब्दाला पानंच्या पानं दिलेली असतात. एम.ए.ला असताना मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं! मग लग्न होऊन मी सांगलीहून रहिमतपूरजवळच्या या गावात आले, सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाकघरात उभी राहिले, आणि कळलं की डिक्शनरी करणाऱ्यांनी काम अर्धवट सोडलंय.

सासूबाईंचं नाव चंद्राबाई. मी त्यांना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडं तशीच रीत आहे. आत्यांची शाळा चौथीत सुटली, पण 'सेट' सुटला नाही. सकाळी डोळे उघडले की मामांना हाक, "आवं, लाईट आलीया, सेट चालू करून या." हा विहिरीवरचा पंप. मग दह्याचं गाडगं तिरकं करून बघायचं, "आज बी सेट झालं न्हाई मेलं." शेजारच्या धोंडुबाईंच्या थोरल्याला पुण्यात नोकरी लागली, तर "चला, पोरगं सेट झालं." गोठ्याच्या नव्या स्लॅबवर कुणी पाय ठेवायचा अवकाश, "आरं उतर, मुडद्या! सेट हुदे की त्यो!" वाईला नदीकाठी मालिकेचा सेट लागला तेव्हा बायकांची जीप भरून बघायला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "सगळा पुठ्ठ्याचा हाय. आमच्या गोठ्याचा स्लॅब बरा."

मामा फौजेच्या सिग्नलमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मानसिंग सुभेदार म्हटलं की तालुक्यात ओळखतात. त्यांच्या लेखी जगात सेट एकच, वायरलेस सेट. पेपरातून मान वर काढून ते रोज सांगतात, "चंद्रे, ती मोटार हाय. सेट न्हवं."

"मोटार म्हणा न्हाईतर इमान म्हणा, पर चालू करून या," आत्या रोज उत्तर देतात.

आणि मग शोकेसमधला सेट. काचेचा डिनरसेट, पांढरीशुभ्र ताटं, निळी किनार. माझ्या आईनं सांगलीत दुकानं पालथी घालून रुखवतात मांडायला घेतलेला. लग्नाच्या दिवशी तो शोकेसमध्ये गेला तो प्लास्टिकसकट तिथंच. आमदार आले, स्टीलच्या ताटात जेवून गेले. दिवाळीला जावई आले, स्टील. मी एकदा न राहवून म्हटलं, "आत्या, ताटं जेवायला असतात ना?"

"फुटत्यात. येक जरी फुटलं तरी सेट मोडला."

"मग काढायचा कधी?"

"मोठं माणूस यील तवा."

"आमदार मोठे नाहीत?"

"त्यो व्हय!" म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगते. सांगलीत आई म्हणायची, हिला हळद कमी आणि मिरची जास्त लागलीय. आत्यांशी माझं भांडण नव्हतं, पण मनात एक सल होता. तो आणखी एका सेटचा. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर सेट नावाची परीक्षा पास व्हावी लागते. मी दोनदा दिली, दोनदा थोडक्यात हुकली. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा इतकी चिडले की अंगणात बसून पोतंभर शेंगा फोडून काढल्या. माझा नवरा जयराज फौजेत, त्याचं पोस्टिंग राजस्थानात. तो फोनवर म्हणाला, "तिसऱ्यांदा दे. शेंगा अजून हायत." आत्या मात्र त्या परीक्षेबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. अभ्यासाला बसले की झाडू घेऊन नेमक्या माझ्याच पायाखालचं झाडायच्या.

तिसऱ्या वेळची तारीख आली आणि मी कपाळाला हात लावला. बरोबर यात्रेचा दुसरा दिवस! आमच्या भैरोबाच्या यात्रेला पहिल्या दिवशी पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी मटण. त्या दिवशी अख्खा गोतावळा जेवायला, आणि घरातली सून घरात नाही असं गावात कधी घडलेलं नाही. यात्रेची तिथी पंचांग ठरवतं, परीक्षेची तारीख विद्यापीठ. सुनेला कोण विचारतंय?

मी सांगायचं टाळत राहिले. यात्रेचा पहिला दिवस उजाडला. पाचगणीहून माझी नणंद शिवांजलीताई आणि तिचा नवरा राजवर्धन दाजी जीपमधून आले, स्ट्रॉबेरीचे ट्रे घेऊन. तव्यावर माझी पोळी होती, पुरण भरत होत्या आत्या, आणि उद्याची कामं वाटणं चाललं होतं.

"रेश्मा, उद्या वाटाण तुजं. पाट्यावर. मागल्या साली मिक्सरवर केलं, तर पावण्यांनी लय नावं ठिवली."

"उद्या मी नाही," मी म्हटलं.

"कुटं निगालीस?"

"कोल्हापूरला. उद्या माझी सेट आहे."

बाहेर मामांनी पेपर घडी करून ठेवला. आत्या शांतपणे म्हणाल्या, "परीक्षा काय, दरसाल येती की."

झालं! माझा पारा चढला. "हो, दरसाल येते! आणि मी दरसाल म्हातारी होते! दोनदा काठावर हुकलेय आत्या, काठावर! यंदा घरच्यासाठी बसले नाही, तर पुढच्या साली दुसरं काहीतरी असेल. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. मग मी काय वाटणच वाटत बसू? मला शिकवायचंय. वर्गात उभं राहून शिकवायचंय मला!"

शिवांजलीताईला ठसका लागला. मामा दारात येऊन उभे राहिले. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तव्याकडं बघितलं.

"पोळी करपली बघ," एवढंच म्हणाल्या.

मी उलथणं आपटून कोठीत गेले आणि धान्याच्या पोत्यांत बसून रडले. रागानं रडले. यांना काही कळतच नाही, असं वाटलं. मोबाईलवर अलार्म सेट केला. पहिली एस.टी. धरायची, मग कुणी बोलो, न बोलो.

अलार्म वाजायच्या आधीच आत्यांनी माझा पाय हलवला.

"ऊठ. पाणी तापलंय."

आवरून बाहेर आले तर अंगणात जीप गुरगुरत होती. राजवर्धन दाजी मफलर गुंडाळून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी स्टिअरिंगवर. आणि मामा आत्यांच्या मागं मागं, "आगं, जावाय हाय त्यो! यात्रंला आलेल्या जावयाला डायवर केलंस व्हय? लोक काय म्हणतील?"

"जावाय हाय म्हणून तर सांगितलं. परक्याला कसं सांगू?"

"मला अजून एक चहा द्या," दाजी जांभई देत म्हणाले, "मग वहिनींला लंडनला बी सोडतो."

आत्यांनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. घट्ट, कवडीसारखं दही होतं. "आज सेट झालंय," म्हणाल्या. मामांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून माझ्या हातात कोंबलं. "माझ्याकडं आहे मामा." "असू दे. येक सेट कायम स्पेअर ठेवायचा. फौजेचा नियम हाय." पेनाला स्वतःच 'सेट' म्हणाले, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आत्यांच्या आलं. त्या पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

पेपर कसा गेला ते विचारू नका. पुढं मी पास झाले, एवढं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव उगीच टांगणीला नको. पण त्या दिवशी कोल्हापुरातून निघताना मला हे ठाऊक नव्हतं. डोक्याचा नुसता भुगा झाला होता, पोटात आग पडलेली, आणि घरी आत्यांनी एकटीनं काय काय ओढलं असेल या विचारानं जीव अर्धा झालेला.

दाजींचं दुःख निराळं होतं. "वहिनी, माझ्या नळीचं काय झालं असंल हो?"

मटणातली नळी, म्हणजे मगजाचं हाड, हा आमच्याकडं यात्रेतला जावयाचा मान. आत्या त्या दिवशी पळी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत, नळ्या बाजूला काढून ठेवतात. पण दुपार उलटून गेली होती, आणि नळ्या मोजक्या, टपलेले मामेभाऊ रग्गड. दाजींनी कऱ्हाडला वडापावसुद्धा खाऊ दिला नाही. म्हणाले, भूक मारायची नाही.

ऊन कलताना घरी पोचलो. हलगी वाजत होती, अंगणात चपलांचा ढीग. स्वयंपाकघराच्या दारातच धोंडुबाई भेटल्या. "आगं, तुजी सासू लय जिद्दीची! पाट्यावर सगळं वाटाण एकटीनं वाटलं. मी म्हनलं, दे थोडं, तर देईना. म्हनली, सुनंचं काम हाय, सुनंच्या वाटचं मीच करनार." आत आत्यांचे हात मिरचीनं कोपरापर्यंत लाल झाले होते. मला भरून आलं. कालचं सगळं बोलणं परत घ्यावंसं वाटलं.

"आत्या, मी काल..."

"हातपाय धू. बस जेवाय."

मधल्या खोलीत पाहुणे होतेच. दाजींच्या पुढं स्टीलचं ताट आलं. मग आत्या माझ्या पुढं वाकल्या आणि ताट ठेवलं. पांढरं ताट. निळी किनार. मी वळून शोकेसकडं पाहिलं. दार सताड उघडं, प्लास्टिक खाली जमिनीवर.

आत्यांनी पातेल्यात पळी घातली, तळातून शोधून एक भलीथोरली नळी वर काढली आणि माझ्या ताटात ठेवली.

"आत्या, माझी नळी?" दाजी कळवळून म्हणाले.

"तुमची फुडल्या साली."

"चंद्रे, जावयाचा मान..." मामा सुरू झाले.

"मान जावयाचाच हाय. पर आज पावणी ही हाय."

एवढा मान माझ्यानं सोसेना. मी म्हटलं, "आत्या, पेपर कसा गेला तेही विचारलं नाही तुम्ही. निकाल लागायचाय अजून. मी परत नापास झाले तर?"

आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "निकाल तुजा यील तवा यील. मी तुला जेवाय घालतीया, निकालाला न्हाई. खा गप."

मी डोळे पुसले आणि खायला लागले. नळी उचलली. आता नळीतला मगज काढायचा तर ती ताटावर आपटावी लागते, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. मी काचेच्या भीतीनं हळूच टेकवली. काही येईना. परत टेकवली.

"आगं, आपट की!" आत्या म्हणाल्या.

"फुटेल आत्या."

"आपट म्हणते न्हवं! भितीस काय काचंला!"

मी आपटली. मगज आला तो सुळकन. आणि 'टण्ण' आवाज होऊन ताटाच्या किनारीचा एक टवका उडून थेट दाजींच्या भाकरीवर पडला.

धोंडुबाईंनी तोंडावर हात ठेवला. आत्यांनी तो निळा टवका उचलला, उजेडात धरून बघितला, आणि एकदम हसत सुटल्या. खो खो हसल्या, पार भिंतीला टेकल्या.

"बरं झालं बया! मोडला येकदाचा सेट! आता रोज वापराय मोकळं. शिवांजली, काढ गं सगळी ताटं. जावईबापूंस्नी पयलं दे."

त्या दिवसापासून आम्ही सगळे त्याच ताटांत जेवतो. आमदार मागं परत आले होते, त्यांना स्टीलचं दिलं. टवका उडालेलं ताट तेवढं माझं. पानं घेताना आत्या ते बरोबर शोधून काढतात आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत.