बिंडाराच्या भोंग्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी काही भला भोंगा नाही. तुमच्या वाचनातल्या जुन्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी कुणालाही माफ केलेलं नाही. एकतीस वर्षं दबा धरून बसलो, सूड घेतला, आणि अजूनही तो दिवस आठवला की माझ्या गंजक्या पत्र्याला बरं वाटतं.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यातला. आधी मी पिठाच्या गिरणीवर होतो. पाळी बदलली की ओरडायचं, एवढंच काम. गिरणी बंद पडली तेव्हा गव्हाच्या मुलखातल्या बिंडारा गावच्या फुटबॉल क्लबानं मला आणलं आणि मैदानाच्या कडेला असलेल्या लाकडी खोलीच्या छपरावर चढवलं. त्या खोलीत वेळ मोजणारे दोघं बसायचे, एक आमच्या गावचा, एक पाहुण्या गावचा. मध्येच खेळ थांबला की घड्याळ थांबवायचं, पुन्हा चालू करायचं. किती वेळ उरलाय हे त्या दोघांखेरीज कुणाला कळायचं नाही. वेळ संपली की कळ दाबायची आणि मी बोंब ठोकायची. पण त्यात एक मेख होती. मी ओरडलो म्हणून खेळ संपत नसे. पंचाच्या कानावर माझा आवाज पडला तरच तो संपे. तोवर झालेला गोल धरला जाई. या कायद्यानंच आमचा घात केला.

आमच्या गावच्या वतीनं वेळ मोजायची मर्ल पॅस्को. रॉय पॅस्कोची बायको, सडपातळ, बोलायला तिखट आणि कामाला चोख. तिचं माहेर टारनूप, म्हणजे शेजारचं गाव आणि आमचं हाडवैर असलेलं. बारा वर्षं तिनं माझी कळ दाबली. एका सेकंदाची चूक नाही.

आणि मैदानात क्लेम ट्रेवेला. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानंही धरतात. काय सांगू तुम्हाला! दोघातिघांच्या खांद्यांवरून उंच उडी मारून तो हवेतला चेंडू असा धरायचा की टारनूपची माणसंसुद्धा शिवी विसरायची. चौदा हंगाम तो आमच्याकडून खेळला. मेलबर्नचे मोठे क्लब दोनदा न्यायला आले, तो गेला नाही, आणि मग तर लोकांनी त्याला डोक्यावरच घेतलं. एका वर्षी गावात चार पोरं जन्मली आणि चौघांचीही नावं क्लेम ठेवली. न्हावी त्याच्याकडून पैसे घेईना. पण खरं वेड मर्लचं. वर्तमानपत्रातला त्याचा प्रत्येक फोटो ती कापून वहीत चिकटवायची. "हा पोरगा आपल्या गावाला देवानं दिलाय बघ," असं ती रॉयला म्हणायची आणि रॉय मान डोलवायचा. मलाही तो आवडायचा. ते आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आमच्याकडे गोल झाला की टाळ्या वाजवत नाहीत. लोक मैदानाभोवती कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या करतात, मांडीवर घोंगडी, हातात थर्मासमधला चहा, आणि गोल झाला की सगळे मिळून हॉर्न वाजवतात. क्लेमच्या गोलाला तर हॉर्न थांबायचेच नाहीत. क्लबचा चिटणीस बार्नी होर्गन आपला गव्हाचा ट्रक बरोबर माझ्या खाली लावायचा आणि हॉर्नवर पंजा ठेवून बसायचा.

चौऱ्याहत्तर सालची अंतिम लढत, समोर टारनूप. शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे. क्लेम उडाला, चेंडू धरला, सहा गुणांचा गोल केला. आम्ही दोन गुणांनी पुढे! मग जे हॉर्न सुरू झाले ते थांबेनातच. पंचानं चेंडू मध्यात टाकला तरी बार्नीचा पंजा तिथंच. तेवढ्यात वेळ संपली. मर्लनं कळ दाबली. टारनूपच्या माणसानंही घड्याळ बघून मान हलवली. मी ओरडलो, मित्रांनो, जीव तोडून ओरडलो. पण शंभर गाड्यांच्या गोंगाटात मला कोण विचारतो? पंच पलीकडच्या अंगाला होता, त्याला काही ऐकू गेलं नाही.

एकालाच ऐकू गेलं. क्लेम माझ्यापासून पन्नास पावलांवर होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जिंकलो असं समजून दोन्ही हात वर केले आणि तो थांबला. त्याच्याच शेजारच्या टारनूपवाल्यानं चेंडू उचलला, मोकळ्या मैदानातून पळाला आणि गोल केला. चार गुणांनी आम्ही हरलो.

पंच हात उंचावेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत, हे तिथल्या सहा वर्षांच्या पोरालाही शिकवतात. गावाचा देव ते विसरला होता. पण देव चुकतो कसा? कपडे बदलायच्या खोलीत त्याला विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "भोंगा वाजलाच नाही. माझ्या पोटरीत गोळा आला, मदतीसाठी हात वर केले." त्यानंतर आठवडाभर लंगडला. सोमवारी डाव्या पायानं, गुरुवारी उजव्या.

देव सुटला म्हटल्यावर दुसरं कुणीतरी हवंच. बार्नीनं क्लबाच्या सभेत सांगितलं की मर्लनं कळ उशिरा दाबली, माहेरची ओढ, दुसरं काय. टारनूपच्या माणसानं वेळेवर दाबली म्हणून सही दिली, तर लोक म्हणाले, तो तर देणारच. स्वतःच्या हॉर्नबद्दल बार्नी एक शब्द बोलला नाही.

मर्लला खोलीतून काढलं. मला छपरावरून उतरवून भंगारात घातलं. भंगाराच्या ढिगावरून तिनं मला ढकलगाडीत घालून घरी नेलं, तेव्हा रस्त्यात कुणी मदतीचा हात लावला नाही. क्लबाच्या चहापानाला तिनं केलेला स्पंज केक जसाच्या तसा परत यायला लागला. क्रीमवर सुरीचा ओरखडासुद्धा नाही. आणि मग तिच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवायची टूम निघाली. बापानं वाजवला, पुढे मुलानं वाजवला, का वाजवतो ते मुलाला धड ठाऊकही नव्हतं. रॉय दर वेळी हातातलं काम ठेवून फाटकापर्यंत जायचा आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहायचा. हळूहळू त्यानं गावात जाणं सोडलं. पण मला त्यानं दुरुस्त केलं, गाडीच्या दोन बॅटऱ्यांवर वाजेन असं केलं. "एक दिवस लागेल हा," एवढंच म्हणाला.

रॉय गेला. त्याची अंत्ययात्रा फाटकातून निघाली तेव्हा रस्त्यावरून कुणाची तरी गाडी गेली, आणि हॉर्न वाजला. मर्लनं मान वळवली नाही. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली आणि तासभर माझ्या पात्यांना तेल देत बसली. मी मनात म्हटलं, बये, आता थांबू नकोस.

त्यानंतरच्या वर्षी क्लबानं क्लेमचा पुतळा उभारला. साठीचा क्लेम शहरातून आला, कोट घालून, केस पांढरे, चालणं अजून तसंच रुबाबदार. माणसं रडत होती हो! कुणी त्याच्या हाताला हात लावून घेत होतं, कुणी नातवाला पुढे करत होतं. चार क्लेमांपैकी तिघे टक्कल पडलेले असे ओळीनं उभे होते. भोवती गाड्याच गाड्या. व्यासपीठ वेळ मोजायच्या खोलीच्या समोर, पन्नास पावलांवर. मर्लनं आपली गाडी खोलीला लागून उभी केली होती आणि मी मागच्या बाजूला गोणपाटाखाली.

बार्नी भाषणाला उभा राहिला. त्यानं क्लेमचे गोल सांगितले, उड्या सांगितल्या, पोटरीतला गोळा तर असा रंगवून सांगितला की बायकांनी डोळे पुसले. मग म्हणाला, "एका बाईनं माहेर जरा कमी आठवलं असतं, तर आज इथं कपही असता." लोक हसले, आणि हॉर्न सुरू झाले. त्यात मर्लनं गोणपाट ओढलं आणि कळ दाबली.

हॉर्नच्या त्या गदारोळात एकही माणूस वळला नाही. एकच मान वळली. क्लेमची.

मर्लनं कळ सोडली नाही. एकेक हॉर्न थांबत गेला, शेवटी मी एकटाच ओरडत राहिलो, आणि सगळ्यांनी पाहिलं की क्लेम कधीचाच माझ्याकडे बघतोय. मग तिनं मला थांबवलं आणि ती व्यासपीठापाशी गेली. एकोणसत्तर वर्षांची बाई, पण चाल सरळ.

"ऐकू आला ना रे, क्लेम?"

"हो," तो म्हणाला.

"सगळ्यांच्या आधी?"

बार्नी मध्ये पडला, मर्ल, आजच्या दिवशी नको, म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चौऱ्याहत्तर साली आला होता का? लोकांना सांग. तुझीच माणसं आहेत."

क्लेमनं त्या माणसांकडे पाहिलं. काय बघत होता कोण जाणे. मग अगदी हळू म्हणाला, "आला होता. वेळेवर वाजला होता. मी थांबलो, चूक माझी होती." पुढे म्हणाला, "हॉर्नमुळे पंचाला ऐकू गेलं नाही. तुझा काही दोष नव्हता, मर्ल. मला माफ कर."

बार्नीचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला. मला जे सुख झालं ते मी लपवत नाही.

"माझी माफी कशाला मागतोस?" मर्ल म्हणाली. "रॉयची माग. चर्चच्या मागे आहे तो, डावीकडून तिसरा. तो काही बोलायचा नाही, पण तू जाऊन उभा राहा."

मग पुतळ्यावरचं कापड कुणी ओढेना. शेवटी मर्लनंच ओढलं. लोकांनी चौऱ्याहत्तरच्या गोलाचा आनंद म्हणून गाजलेला त्याचा फोटो निवडून पुतळा घडवला होता: क्लेम ट्रेवेला, दोन्ही पायांवर ताठ उभा, दोन्ही हात आकाशाकडे, मान माझ्या खोलीकडे वळवलेली. ना वेदना, ना लंगडेपण. तोंडभर हसू.

मर्लनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "झकास झालाय," ती म्हणाली, आणि मला गाडीत घेऊन निघून गेली.

मला परत छपरावर चढवायला क्लबाची माणसं तीनदा आली. तिन्ही वेळा तिनं फाटकावरूनच परत पाठवली. मी तिच्या पडवीत असतो, आठवड्यातून एकदा तेल मिळतं. रस्त्यावरून गाड्या मुकाट्यानं जातात.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू टाकून देऊ नका, त्यांना जपा, असं सांगायची आमच्यात रीत आहे. तेही सांगतो. पण त्याआधी माणसाला जपा. तुमच्या आवडत्या वीराची चूक झाकायला कुणा गरिबाच्या डोक्यावर खापर फोडू नका. बिंडाराला अजून कपाची हळहळ आहे. क्लेम त्या दिवशी चर्चच्या मागे गेला, अंधार पडेपर्यंत तिथं उभा होता असं म्हणतात. रॉयनं त्याला माफ केलं असेलही, तो होताच तसा. मी नाही केलं.